पट्टीखालची ओळ

परवा एक कविता लिहिली. सहा ओळींची. पावसाळ्यात माळशेज घाटातून येताना दऱ्यांत उतरलेलं धुकं पाहिलं होतं, ते दोन महिने डोक्यातून जात नव्हतं. पूर्वी असं काही लिहिलं की पाकिटात घालायचं, परतीचं तिकीट जोडायचं आणि मासिकाकडून ‘साभार परत’ येण्याची वाट बघायची. आता स्टेटसला टाकली की झालं. पण नुसत्या शब्दांकडे कुणी ढुंकून बघत नाही, मागे चित्र लागतं, असं भाचीचं म्हणणं.

चित्र लागतं हे मला नवीन नाही. आमच्या कॉलेजात भित्तिपत्रक असायचं. जिन्याजवळ काचेची चौकट, तिला कुलूप. ड्रॉइंग पेपरवर पेन्सिलीनं फिकट रेघा मारायच्या, ज्याचं अक्षर चांगलं त्यानं कविता उतरवायची, शाई वाळली की रेघा पुसायच्या. घाईनं पुसल्या तर शाईसुद्धा फरफटायची. कोपऱ्यात एखादी वेल, पणती किंवा पाठमोरी मुलगी. पाठमोरी, कारण चेहरा काढता येणारं आमच्यात कुणीच नव्हतं. जागा उरली तर कवीकडून आणखी दोन ओळी मागायच्या, कमी पडली तर परस्पर कापायच्या. कवी भांडायला यायचे. त्यामुळे चारोळीवर आमचं विशेष प्रेम, ती कुठेही मावायची.

आता ती चौकट फोनात आली आहे. चौरस हवा तर १०८० बाय १०८० पिक्सेल, स्टेटसला पूर्ण पडदाभर हवा तर १०८० बाय १९२०. म्हणजे उभा, अरुंद, दाराच्या फटीसारखा. आपली पोथी आडवी असायची, एका ओळीत ओवी निवांत पसरायची. इथे अक्षर वाचण्याइतकं मोठं ठेवलं की ओळीत जेमतेम तीन शब्द. त्यात मराठी शब्द प्रत्यय लावून लावून लांबणार. माझा ‘डोंगरमाथ्यावरचंसुद्धा’ हा शब्द एकटाच एक ओळ खाऊन बसला. भाची म्हणाली, “मावशी, ‘सुद्धा’ काढ ना.” काढला. ओळ सुधारली, हे तिला सांगितलं नाही.

मग फॉन्ट. तिनं दाखवलेल्या पहिल्या फॉन्टमधला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे होते. आपला ल पाकळीचा, श देठाचा. २००९ साली शासनानं वर्णमालेचा निर्णय काढला त्यातही तसंच सांगितलं आहे. भाचीला यातलं काही पटलं नाही. “वाचता येतंय ना?” येतंय. पण दारावर दुसऱ्याच्याच नावाची पाटी लावल्यासारखं वाटतं. दुसरा फॉन्ट हाताने लिहिल्यासारखा, गोड होता, पण त्याच्याकडे पापणीसारखा अर्धा र नव्हता. ‘दऱ्या’ लिहिलं की मध्ये रिकामा चौकोन. भाचीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि साधा र वापरून प्रश्न मिटवला. मी चष्म्याशिवाय ‘छान दिसतंय’ म्हटलं.

सकाळी मालवणच्या मैत्रिणीचा निरोप: “दर्यावरचं धुकं काय पकडलंयस गो! वाचून किनाऱ्यावर जाऊन आले.” सह्याद्रीतल्या माझ्या दऱ्यांचा एका रात्रीत दर्या झाला होता. तिला काय सांगणार? तिच्या घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर आहे, आणि ती खरोखरच जाऊन आली होती.

एकाच बाबतीत मात्र हा प्रकार मला खटकतो. अक्षरं एकदा चित्रात गेली की ती अक्षरं राहत नाहीत. आमचे एक शेजारी दिसेनासं झाल्यापासून फोनकडून मजकूर वाचून घेतात. माझ्या कवितेपाशी आल्यावर त्यांच्या फोनला वाचण्यासारखं काही सापडलंच नाही. त्यांना मी जिन्यात उभं राहून म्हणून दाखवली. दऱ्यांसकट.

संध्याकाळी बहीण भेटली. “या वेळची कविता आवडली. पाचव्या ओळीवर सोडून दिलीस, ते फार छान. नाहीतर तू शेवटी काहीतरी शिकवतेस.”

पाचव्या?

तिचा फोन हातात घेऊन पाहिलं. माझ्या फोनवर व्यवस्थित दिसणारी सहावी ओळ तिच्याकडे उत्तर लिहायच्या पट्टीखाली गडप झाली होती. त्या ओळीवर मी चार दिवस घालवले होते. दोन महिन्यांतलं सगळं धुकं तिच्यासाठीच जमवलं होतं, म्हटलं तरी चालेल.

स्टेटसचे चोवीस तास संपायला अजून पाच तास होते. काढून, ओळी बोटभर वर सरकवून पुन्हा टाकता आली असती. बहीण विचारत होती, “चहा टाकू?” मी म्हटलं, टाक.