तिसऱ्या अंकाची झोप

उकडलेल्या शिंगाड्यांची हातगाडी दिसली की माझी घासाघीस बंद पडते. परवा भर दुपारी नागपुरात पाव किलो घेतले आणि रस्त्याच्या कडेला उभ्यानंच सोलायला लागलो. काळंकुळकुळीत साल, दोन्ही अंगांना शिंगं. घाई केली की ओठाला टोचलंच समजा. आतला गर पिठूळ, गोडसर, तळ्याच्या वासाचा. बोटं काळी झाल्यावर तिथीचा हिशेब लागला. भाऊबीज होऊन गेली, म्हणजे तिकडे मंडया, गावोगावच्या दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू झाल्या.

तिकडे म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत. साकोली, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव, वडसा. धानाचा आणि तलावांचा मुलूख. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला हे शाळेत कुणी शिकवायच्या आधी घरात कळलेलं असतं. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, 1951 मध्ये गेली, तरी गावोगावचे मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत तिथेच आहेत. त्यांच्यावर धान पिकतो, ढिवर कोळ्यांची मासोळी निघते आणि शिंगाडाही.

लवकर पिकणारा हलका धान घरात आलेला, उशिराचा भारी धान अजून बांधीत, म्हणजे भाताच्या वाफ्यात, उभा, या मधल्या फटीत मंडई बसते. आज या गावाची, उद्या शेजारच्या, परवा तलावापलीकडच्या. एका दिवशी दोन जवळच्या गावांची मंडई आली तर कपाळमोक्षच, कारण जिलेबीवाला तोच, आकाशपाळणा तोच, आणि खरं म्हणजे पाहुणेही तेच. लग्नाच्या पोरी दाखवायला याहून सोयीचा दिवस नाही. मुलगा पाळण्यापाशी उभा केला की दोन्हीकडच्या बायका जिलेबी घेता घेता त्याला बघून घेतात.

मंडईत खरेदी हा बहाणा. खरं काम जेवणाचं. मावशीच्या गावी उतरलं की आधी मावशीकडे, मग तिच्या जावेकडे, मग ज्या घरी आपली कुणीतरी दिलेली आहे तिथे. 'नको' म्हणायची सोय नाही. "आमच्या मंडईले आले नाही ना जी तुमी," हे वाक्य पुढच्या उन्हाळ्यातल्या लग्नात, भर पंगतीत ऐकवलं जातं. कोण आलं, कोण आलं नाही, कोण आलं पण जेवलं नाही, याची नोंद मावशीच्या डोक्यात पक्की. मला हा हिशेब लहानपणी कटकटीचा वाटायचा. आता वाटतं, तो नसता तर अर्धे सोयरे मला तोंडानंही ओळखता आले नसते.

सकाळी गुरं राखणारे गोवारी नाचत यायचे. उंच बांबूला कापड गुंडाळलेली ढाल, वर मोरपिसं, बासरीचा सूर. दुपारी दंडार, म्हणजे नाचगाण्याचा लोकखेळ. पण आम्हा पोरांचा जीव अडकलेला रात्रीच्या नाटकात. ऑटोवरचा भोंगा दिवसभर ओरडत फिरायचा आणि नाटकाच्या नावात कुंकू, सून किंवा सूड यांतलं एक तरी असायचंच. वडशाहून कंपनी आली, ट्रकमधून पेट्या उतरल्या, की आम्ही तंबूच्या कनातीला डोळे लावून बसायचो. नायिका त्या वेळी विडी ओढत असली तरी आमचा भ्रमनिरास होत नसे.

नाटक दहाच्या पुढे कधीतरी सुरू व्हायचं आणि पहाटे संपायचं. कार्तिकातली थंडी, खाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, त्यावर गोधडी, गोधडीत आई आणि आम्ही तिघं. पहिला अंक टक्क डोळ्यांनी. दुसऱ्यात विनोदी पात्र आलं की हसून पोट दुखायचं. तिसरा अंक मी एकदाही पाहिलेला नाही. ऑर्गनचा सूर लांबला की पापण्या मिटायच्या आणि उघडायच्या त्या थेट परतीच्या रेंगीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, तलावाच्या पारीवर, बांधावर, उजाडताना.

मग आईला विचारायचं, पुढे काय झालं? आई सांगायची. तिच्या सांगण्यात दुष्ट सासू पाया पडायची, दारुड्या नवरा सुधारायचा, पळवलेलं पोर सापडायचं आणि वाटणीत हडपलेली बांधी धाकट्याला परत मिळायची. बांधी तर दरवर्षी परत मिळायची. हे सगळ्या नाटकांत कसं, असं आम्हा कुणाच्याच मनात आलं नाही. घरात खरोखरची एक बांधी वर्षानुवर्षं भांडणात पडलेली होती, एवढं मात्र आम्हाला ठाऊक होतं.

2023 मध्ये झाडीपट्टी नाटकातले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आई घरातल्यालाच मिळाल्यासारखी खूश झाली. "आपल्या नाटकाले दिल्लीनं ओळखलं," म्हणाली. तिनं त्यांचं काम कुठल्या नाटकात पाहिलं ते विचारलं, तर नाव आठवेना. शेवट विचारला असता तर लगेच सांगितला असता.

अलीकडे एका मंडईत मी हट्टानं शेवटपर्यंत जागलो. आता खुर्चीचं तिकीट असतं, कमरेला बरं. मधे लावण्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, चहाचे दोन पेले झाले. पहाटे नायक मेला. सासूला काहीही झालं नाही, आणि पडदा पडायच्या आत माझ्या शेजारचे तिघं धान कापायला मजूर मिळत नाहीत यावर बोलायला लागले होते.

आईला फोन केला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"असं नसते जी," म्हणाली. "तू झोपला असशील."