स्टेशनजवळच्या जुन्या घराचा पुनर्विकास : खाली गाळे, वर बिऱ्हाडे

सोलापूर रेल्वे स्थानकातून बाहेर पडून चालत आठ मिनिटांच्या अंतरावर, रेल्वे लाइन्स भागात, आमच्या आजोबांनी बांधलेले दगडी घर होते. रस्त्याच्या बाजूला चार गाळे, मागे अंगण आणि अंगणाच्या कडेने राहत्या खोल्या, अशी त्याची रचना होती. गाळ्यांत शिलाईचे दुकान, किराणा, सायकल दुरुस्ती आणि चहाचे हॉटेल होते आणि यांतले एकही कुळ चाळीस वर्षांपेक्षा नवे नव्हते. २०२१ मध्ये मागच्या खोल्यांचे माळवद खचू लागले तेव्हा घर पाडून नवे बांधण्यावाचून पर्याय उरला नाही. त्या दिवसापासून नव्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला देण्याचा महापालिकेचा दाखला, हातात येईपर्यंत सुमारे साडेचार वर्षे गेली. खाली दुकाने आणि वर घरे अशी मिश्र वापराची इमारत आमच्यासारख्या साध्या कुटुंबाला कशी उभी करता आली, हे मी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण सोलापुरात अशी जुनी घरे अजून शेकड्यांनी आहेत आणि त्यांचे मालक आज त्याच प्रश्नांपाशी उभे आहेत.

पहिला वर्षभराचा काळ कागदांतच गेला. मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डचा) उतारा काढला तेव्हा त्यावर माझे वडील आणि काका या दोघांचीच नावे निघाली. आत्याचे नाव कोठेच नव्हते. आजोबा १९७९ मध्ये मृत्युपत्र न करता वारले होते आणि घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेले होते. अशा मिळकतीत १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, तरी त्या वेळी घरातल्या कोणी तिचे नाव लावले नाही आणि पुढे कोणाला त्याची आठवणही राहिली नाही. आत्याकडून हक्कसोड पत्र करून घ्यावे, म्हणजे काम लवकर मार्गी लागेल, असा सल्ला आम्हाला एकाहून अधिक जणांनी दिला. तो आम्ही मानला नाही आणि आजही मला तोच निर्णय योग्य वाटतो. आत्या गुलबर्ग्याला राहते. ती गाडीने सोलापूरला आली, वकिलांसमोर बसली आणि म्हणाली, "मला पैसे नकोत रे, एक घर दे. स्टेशनावर उतरले की रिक्षा न करता चालत घरी येता आले पाहिजे." वारस नोंद आणि मोजणी होऊन सुधारित मिळकत पत्रिका मिळेपर्यंत दहा महिने लागले. हे काम आधी पूर्ण न करता विकासकाशी बोलणी सुरू करू नयेत, असे मी प्रत्येकाला सांगतो, कारण मालकीत त्रुटी असलेल्या जागेचा भाव समोरचा माणूस पहिल्या बैठकीतच पाडतो.

पहिल्या विकासकाने आणलेला नकाशा अजून माझ्याकडे आहे. तळमजल्यावर संपूर्ण पार्किंग, त्यावर पाच मजले घरे आणि चार भाडेकरूंना रोख रक्कम देऊन मोकळे करायचे, असा त्याचा प्रस्ताव होता. आकडे चांगले होते. पण रस्त्याकडे तोंड करून फक्त खांब आणि मोटारी उभ्या राहणार, ही कल्पना आम्हाला कोणालाच पटेना. सोलापूरची पूर्वेकडील वस्ती ज्याने पाहिली आहे, त्याला कामाची जागा आणि राहण्याची जागा एकाच छताखाली असणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. खाली माग आणि वर किंवा मागे बिऱ्हाड, अशाच घरांतून या शहराची चादर आणि टॉवेल देशभर गेले. स्टेशनजवळची जागा तर त्याहून मोलाची, कारण गाडीतून उतरलेल्या माणसाला घराकडे जाताना वाटेतच किराणा घेता येतो आणि दुकानदाराला दिवसभर पायी चालणारे गिऱ्हाईक मिळते. खालची दुकाने काढून टाकली तर या जागेचे अर्धे मोल आपणच पुसून टाकतो, असे माझे स्पष्ट मत होते. आम्ही तो प्रस्ताव नाकारला.

याच काळात मी नियमावली वाचायला बसलो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली सोलापूर महानगरपालिकेलाही लागू आहे. तिच्यात निवासी क्षेत्राचे दोन प्रकार केलेले आहेत आणि आपला भूखंड त्यांपैकी कोणत्या प्रकारात येतो, हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. दाट वस्तीत ९ मीटर आणि दाट वस्तीबाहेर १२ मीटर किंवा त्याहून रुंद रस्ता असेल, तर दुकाने, कार्यालये आणि इतर व्यापारी वापराला पुष्कळ मोकळीक मिळते. रस्ता त्याहून अरुंद असेल, तर किरकोळ गरजेच्या दुकानांपुरतीच मर्यादित परवानगी असते. म्हणून प्रथम विकास आराखड्यातील रस्त्याची रुंदी लेखी मिळवावी, कारण सगळे गणित तिच्यावर उभे राहते. आमचा रस्ता आराखड्यात १२ मीटरचा निघाला. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधकाम असेल तर रेल्वेचा ना हरकत दाखला लागतो, हेही तेव्हाच कळले. आमचा भूखंड त्या पट्ट्याबाहेर होता, त्यामुळे ते एक काम वाचले.

स्थानकाभोवती दाट आणि मिश्र वस्ती व्हावी, असे सरकारी धोरणही सांगते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या धोरणात स्थानकापासून चालत जाता येईल असा ५०० ते ८०० मीटरचा परिसर त्यासाठी धरला आहे आणि पुण्यात व नागपुरात मेट्रोपासून ५०० मीटरच्या आत, रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार पाहून, एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, ४ पर्यंत मिळू शकतो. सोलापुरात मेट्रो नाही, म्हणून तो वाढीव एफएसआय आम्हाला लागू नव्हता. तो मिळाला नाही, याचे मला दुःख नाही. आमच्या ६२० चौरस मीटरच्या भूखंडावर इतके बांधकाम आले असते, तर पाणी कोठून आणायचे, हा प्रश्न उभा राहिला असता. दुकानांच्या वर घरे आणि दोन्हींना चालत जाता येईल असे स्टेशन, ही त्या धोरणातली मूळ कल्पना मात्र एफएसआय न वाढवताही घेता येते आणि आम्ही तेवढीच घेतली.

१० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली आणि त्याच महिन्यात आम्हाला तीन नव्या विकासकांचे फोन आले. त्यांपैकी एकाने प्रत्यक्ष येऊन चारही दुकानदारांशी स्वतः बोलणे केले. आम्ही त्यालाच निवडले. तळमजल्यावर सहा गाळे, वर चार मजल्यांवर दहा घरे आणि वाहने मागच्या बाजूला, असा आराखडा ठरला.

भाडेकरूंशी झालेली बोलणी हा या सगळ्या कामाचा गाभा होता. त्यांचे भाडे महिना शंभर रुपयांच्या आत होते आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण त्यांना होते. पण कायद्यापेक्षा मोठी अडचण क्षेत्रफळाची होती. जुन्या दगडी भिंती दोन फूट जाडीच्या. बाहेरून मोजले तर गाळा मोठा भरे, आतून मोजले तर लहान, आणि कागदावर कोणते माप लिहायचे, यावरून दोन बैठका निष्फळ झाल्या. अखेर आम्ही आतले, प्रत्यक्ष वापरातले माप धरले आणि नव्या गाळ्यात त्याहून दहा टक्के अधिक जागा देण्याचे मान्य केले. शिलाईवाले अण्णा तरीही गप्पच होते. मी त्यांना बाजूला घेऊन विचारले तेव्हा ते म्हणाले, "मालक, चौरस फुटाचं नंतर बघू. माझं मशीन कुठं बसतंय, ते दाखवा."

दुसऱ्या दिवशी वास्तुविशारद बाईंनी अंगणात फक्कीने त्यांचा नवा गाळा जसाच्या तसा आखून दिला. अण्णांनी आपल्या मुलाकडून मशीन उचलून आणवले, आखलेल्या चौकोनात ठेवले, स्टूल ओढून बसले आणि हातात कापड धरून उजेड कोणत्या बाजूने येईल ते पाहू लागले. नकाशात दर्शनी शटरच्या एका बाजूला खांब होता आणि त्याची सावली नेमकी सुईवर पडणार होती. कापायच्या फळीसाठी जागा पुरत होती, पण गिऱ्हाईक उभे राहिले की मशीनपाशी जाण्याची वाट बंद होत होती. बाईंनी तेथेच उभ्या उभ्या खांब दीड फूट सरकवला आणि शटरशेजारी एक उंच खिडकी वाढवली. अण्णांनी त्याच संध्याकाळी करारावर सही केली आणि त्यांच्या मागोमाग बाकीच्या तिघांनीही केली. कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार आम्ही चौघांबरोबर स्वतंत्रपणे केला, तो नोंदवला आणि बांधकामाच्या काळात दुसऱ्या जागेचे भाडे विकासकाने द्यावे, हे त्यात तारखेसह लिहून घेतले. गाळ्याचा नकाशा, खांबांच्या जागांसकट, प्रत्येक कराराला जोडला आहे. तो जोडलेला नसेल तर अशा करारावर कोणी सही करू नये.

आता पाण्याविषयी. शहराचे पाणी मुख्यतः भीमेवरच्या उजनी धरणातून येते आणि नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांचा खंड आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. दहा घरांत सरासरी पाच माणसे धरली आणि माणशी रोजचे १३५ लिटर हे प्रचलित माप लावले, तर दिवसाला ६,७५० लिटर होतात. पाच दिवसांचे जवळजवळ ३४,००० लिटर. विकासकाच्या पहिल्या नकाशात जमिनीखालची टाकी १५,००० लिटरची होती. आम्ही ती ४०,००० लिटरची करून घेतली आणि गाळ्यांसाठी, विशेषतः हॉटेलसाठी, वेगळी टाकी व वेगळी जोडणी ठेवली. एकाच टाकीवर हॉटेल आणि बिऱ्हाडे असली की उन्हाळ्यात भांडणे होतात, आणि सोलापूरचा उन्हाळा भांडण मिटू देत नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडाला पावसाचे पाणी जिरवण्याची व्यवस्था सक्तीची आहे. आम्ही तिची जोडणी अंगणातल्या जुन्या आडाला दिली, त्यामुळे आड बुजवावा लागला नाही.

घरांचा जिना आणि लिफ्ट बाजूच्या बोळातून, गाळ्यांचा प्रवेश थेट रस्त्यावरून, ही विभागणी वास्तुविशारद बाईंनी पहिल्यापासून लावून धरली होती. रात्री दुकाने बंद झाल्यावरही वरच्यांना उजेडातून जाता यावे आणि दुकानातल्या गिऱ्हाईकाचा वावर जिन्यात होऊ नये, एवढा साधा विचार त्यामागे होता. पुढच्या मोकळ्या जागेला कुंपणभिंत घातली नाही. फरशी रस्त्याच्या पातळीशी जुळवून एका बाजूला उतार ठेवला. पार्किंगवर मात्र बराच वाद झाला. नियमाप्रमाणे लागणारी जागा ठेवणे भागच होते, पण त्याहून अधिक चारचाकींसाठी अंगण देऊ नये, असे मी म्हणत होतो, आणि घर विकताना जादा पार्किंग दाखवावे लागते, असे विकासकाचे म्हणणे होते. अखेर नियमाइतक्याच जागा ठेवून दुचाकींची जागा वाढवली. तरीही विक्रीची घरे विकली गेली. घेणाऱ्यांपैकी तिघे जण कामासाठी दर आठवड्याला पुण्याला जाणारे आहेत आणि स्टेशन जवळ आहे म्हणूनच त्यांनी येथे घर घेतले.

परवानगीचा अर्ज ऑनलाइन गेला. त्रुटी दोनदा निघाल्या आणि दोन्ही वेळा चूक आमच्याच कागदांत होती. बांधकाम परवाना, जोते तपासणी दाखला आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, या क्रमाने काम पुढे सरकले. भूखंड ५०० चौरस मीटरहून मोठा आणि एकके आठहून अधिक असल्यामुळे महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मिळकत नियामक प्राधिकरणाची, नोंदणी बंधनकारक होती. गाळे घेणाऱ्यालाही घर घेणाऱ्याइतकेच तिचे संरक्षण मिळते, ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि बांधकामातील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे विकासकावर राहते. जागेचे मालक म्हणून आम्ही त्या खात्याची माहिती दर तीन महिन्यांनी मागत असू.

सोसायटी स्थापन करताना देखभाल खर्च कसा वाटायचा, हा प्रश्न आला. गाळेधारकांचे म्हणणे होते की लिफ्ट त्यांच्या उपयोगाची नाही. घरवाल्यांचे म्हणणे होते की कचरा आणि पुढची फरशी दुकानांमुळे अधिक खराब होते. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. लिफ्ट आणि जिन्याचा खर्च घरांवर, पुढच्या जागेची स्वच्छता आणि दिवे गाळ्यांवर, गच्ची, रंग, विमा आणि राखीव निधी सर्वांवर क्षेत्रफळाप्रमाणे, असा ठराव पहिल्याच सभेत लिहून मंजूर केला.

आता एकच काम उरले आहे. जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे मालकीचे हस्तांतर, सोसायटीच्या नावे व्हायचे आहे आणि त्यासाठी मालक म्हणून आम्हा सर्व वारसांच्या सह्या लागतील. मिळकत पत्रिकेवर चार वर्षांपूर्वी लागलेले आत्याचे नाव त्यानंतर कमी होईल आणि सोसायटीचे नाव लागेल. दुय्यम निबंधकांकडे पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे. आत्या सोमवारी संध्याकाळच्या गाडीने येणार आहे. पहिल्या मजल्यावरच्या तिच्या घराची किल्ली अण्णांच्या दुकानात ठेवून द्या, असे तिने कळवले आहे.