रात्री साडेदहाचं पाजणं

बाळ आठला झोपलं, स्वयंपाकघर आवरून आई अकराला आडवी झाली आणि बाराला बाळ रडत उठलं. बाळाची चार तास सलग झोप झालेली, आईची जेमतेम एक तास. बाळाच्या झोपेत खोट काही नाही. तिच्यातला सगळ्यात लांब टप्पा आई भांडी घासत असताना संपून जातो, एवढंच. म्हणून आईने झोपायच्या आधी, साडेदहाच्या सुमारास, झोपलेल्या बाळाला तसंच उचलून एकदा पाजायचं. हल्ली याला सगळे ‘ड्रीम फीड’ म्हणतात.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. यामुळे बाळाची एकूण झोप फारशी वाढत नाही, लांब टप्पा पुढे सरकतो. आठ ते बाराऐवजी अकरा ते तीन. पण सलग चार तास मिळालेल्या बाळंतिणीला यातला फरक सांगावा लागत नाही.

पहिले काही आठवडे हा विचार करूच नका. जन्माचं वजन भरून यायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर गजर लावून का होईना, रात्रीही दर तीन तासांनी पाजावंच लागतं. कमी दिवसांचं, कमी वजनाचं किंवा काविळीने सुस्तावलेलं बाळ असेल, तर डॉक्टर सांगतील तोवर हेच चालू ठेवायचं. वजन नीट वाढत असेल तर दीड ते चार महिन्यांच्या दरम्यान ही युक्ती सगळ्यात जास्त उपयोगी पडते, कारण दिवस-रात्रीतला फरक बाळाच्या शरीराला तेव्हाच कळायला लागतो.

आणखी एक पाहा. आपल्याकडे बऱ्याच घरांत बाळ सगळ्यांबरोबर दहालाच झोपतं. तिथे अकराला पुन्हा पाजण्यात काही अर्थ नाही, झोपण्याआधीचं दूधच पोटभर होऊ द्या. मागच्या पाजण्याला निदान अडीच तास झालेले असावेत, नाहीतर बाळ दोन घोट घेऊन तोंड मिटतं.

बहुतेक घरांत गाडी अडते ती उचलण्याच्या क्षणी. बाळाचा हात हळूच वर उचलून सोडा. ओल्या फडक्यासारखा खाली पडला तर झोप गाढ आहे. अशा वेळी बाळ तोंडच उघडत नाही आणि गालाला कितीही बोट लावलं तरी उपयोग होत नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा पाहा. बंद पापण्यांखाली बुबुळं फिरतात, श्वास कमी-जास्त होतो, ओठ चोखल्यासारखे हलतात, ती वेळ बरोबर. या वयात झोपेची एक फेरी तासाभराच्या आतबाहेर पूर्ण होते, त्यामुळे ही संधी फार वेळ वाट पाहायला लावत नाही.

खोलीत झिरोचा दिवा पुरे. मोबाइलचा टॉर्च नको, लाडाचे बोल नकोत. दुपट्यात घट्ट गुंडाळलं असेल तर हात मोकळे करा. डोकं पोटापेक्षा वर राहील असं बाळाला अंगाशी घ्या आणि स्तनाग्र खालच्या ओठावर फिरवा. तोंड मोठं उघडलं की जवळ ओढा. मग कान द्या: दोन-तीनदा चोखल्यावर एकदा गिळल्याचा आवाज यायला हवा. नुसतं चुटूचुटू चाललं असेल तर ते दूध पिणं नव्हे. एका बाजूला पाच ते दहा मिनिटं, मग दुसरी बाजू. लंगोट ओला असेल तर या दोन बाजूंच्या मध्ये बदला. सगळं पाजून झाल्यावर बदलायला गेलात की बाळ टक्क जागं होतं. डायपर असेल आणि शी झालेली नसेल तर हातही लावू नका.

ढेकरेसाठी पाठ थोपटत अर्धा तास येरझाऱ्या घालायची गरज नाही. झोपेत शांतपणे पिणारं बाळ हवा कमी गिळतं. पाच मिनिटं खांद्यावर उभं धरा. ढेकर आला तर उत्तम, नाही आला तरी खाली ठेवा. दूध वारंवार फेकणाऱ्या बाळाला मात्र पंधरा-वीस मिनिटं उभं धरावं. ठेवताना नेहमी पाठीवर, घट्ट गादीवर, आणि आजूबाजूला उशी, गोधडी, लोड काही नको. डोक्याला आकार यावा म्हणून दिलेली मोहरीची उशीसुद्धा झोपताना काढाच. सोफ्यावर बसून पाजताना डोळा लागणं फार धोक्याचं असतं, म्हणून झोप अनावर असेल तर सोफा टाळा.

वरचं दूध असेल तर पाच किलोच्या बाळाला दिवसभरात साधारण ७५० मिली लागतं. त्यातलं ९० ते १२० मिली यावेळी पुरतं. पाणी उकळून थोडं निवू द्या, पण पावडर मिसळताना ते ७० अंशांच्या खाली गेलेलं नसावं. मग दूध कोमट करून पाजा. पावडरीचं प्रमाण डब्यावर असतं तेच. ‘जास्त वेळ झोपेल’ म्हणून घट्ट दूध करणं किंवा बाटलीत नाचणीसत्त्व घालणं हा शुद्ध अघोरीपणा आहे. उरलेलं दूध ओतून टाका. बाटली उशीला टेकवून ठेवू नका. आणि झोपेतल्या बाळाला बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने कधीही पाजू नका. स्तन किंवा बाटली चोखताना दुधाचा वेग बराचसा बाळाच्या ताब्यात असतो. बोंडल्यातून दूध तोंडात ओतलं जातं आणि झोपेत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्यासाठी बाळ पूर्ण जागं हवं.

चार-पाच रात्री एकाच वेळी करून पाहा. तरी बाळ पूर्वीसारखंच एक-दीडला उठत असेल, तर ते भुकेने उठत नसावं: उकडत असेल, नाक चोंदलं असेल किंवा पाळण्याच्या झोक्याशिवाय झोप लागत नसेल. काही बाळं या पाजण्यानंतर उलट जास्तच चुळबुळतात. सरळ सोडून द्या.

याबद्दल अमेरिकेत १९९३ साली एक अभ्यास झाला. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या २६ जोडप्यांपैकी निम्म्यांना रात्री दहा ते बाराच्या दरम्यान एकदा पाजायला सांगितलं होतं. आठ आठवड्यांची झाल्यावर त्या गटातली सगळी बाळं बारा ते पाच झोपत होती, दुसऱ्या गटातली फक्त २३ टक्के. चोवीस तासांतलं दूध मात्र दोन्हीकडे सारखंच. यावर लगेच हुरळून जाऊ नका. त्या आईवडिलांनी दिवसा उजेड आणि रात्री अंधार कटाक्षाने पाळला होता आणि मध्यरात्री बाळ उठलं तर लगेच न पाजता आधी थोपटून, लंगोट बदलून पाहिलं होतं. एकट्या साडेदहाच्या दुधाचं ते श्रेय नव्हे.

बंद करायची वेळ साधारण चार ते सहा महिन्यांत येते. बाळ पहाटेपर्यंत झोपतं पण सकाळी प्यायला कुरकुरतं, तेव्हा समजा. बाटली असेल तर दर दोन-तीन रात्रींनी १५ मिली कमी करा, अंगावर पाजत असाल तर दोन-दोन मिनिटं. छाती दाटली तर हाताने थोडंच दूध काढा, ठणका थांबेल इतपत. पूर्ण रिकामी केलीत तर शरीर त्या वेळचं दूध तयार करतच राहील.