सीजे-७ जीप: २४०–३३ चा सेंडर, मूळ गेज आणि काट्याची जुळवणी

कामाची स्थिती: नव्याने बनवलेली टाकी चढली, पाच भोकांच्या फ्लँजवर स्टीलच्या नळीचा सेंडर (टाकीतली इंधनाची पातळी रेझिस्टन्समधून गेजला कळवणारा भाग) बसला, वायर डॅशबोर्डपर्यंत आली. कॅलिब्रेशन बाकी आहे.

१९७६ ते १९८६ च्या सीजेचं इंधनाचं गेज ७३ ओहमला रिकामं, साधारण २३ ला अर्धं आणि १० ओहमला भरलेलं दाखवतं. नळीचा सेंडर रिकाम्या टाकीत २४०, अर्ध्यावर १०३ आणि भरल्यावर ३३ ओहम देतो. दिशा एकच असल्याने काटा हलतो आणि वाटतं, जमलं. पण टाकी काठोकाठ भरली तरी काटा अर्ध्याच्या वर जात नाही.

इथे बहुतेक जण रेझिस्टर लावून बघतात. सेंडरला समांतर १०५ ओहम लावले की २४० चे ७३ होतात खरे, पण ३३ चे २५ च होतात, म्हणजे भरलेली टाकी जेमतेम अर्धी दिसते. कारण सोपं आहे. गेज आणि सेंडर दोन्हींचं रिकामं-भरलेलं गुणोत्तर जवळपास तेच, ७.३ च्या आसपास. रेझिस्टर समांतर लावा नाहीतर मालिकेत, गुणोत्तर घटतंच. त्यामुळे नुसत्या रेझिस्टरने हे कधीच जुळणार नाही, त्यात वेळ घालवू नका. सेंडर अजून घ्यायचा असेल तर सरळ ७३–१० चा, दांडीचा फ्लोट असलेला घ्या. पुढचं काही करावं लागणार नाही.

नळीचाच ठेवायचा असेल तर मध्ये छोटं सर्किट लागतं. हे गेज बायमेटलचं (तापल्यावर वाकणारी दोन धातूंची पट्टी), आत तार तापून काटा सरकतो, म्हणून त्याला सरासरी करंटच कळतो. याचाच फायदा घ्यायचा. आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्टवरून २२० ओहममधून सेंडरला पुरवठा द्या आणि दोन्हींच्या जोडावरचा व्होल्टेज बोर्डाने वाचा (५ व्होल्ट म्हणजे १०२३): भरलेल्याला सुमारे १३३, अर्ध्याला ३२६, रिकाम्याला ५३४ असे आकडे येतात. गेजच्या ‘एस’ टर्मिनलची वायर १० ओहम, ५ वॅटच्या सिमेंट रेझिस्टरमधून आयआरएलझेड४४एन मॉसफेटला (नॅनोने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), आणि तिथून अर्थला. मॉसफेट सतत चालू म्हणजे पूर्ण भरलेली टाकी. चालू राहण्याचा काळ कमी केला की काटा खाली. मॉसफेटच्या गेटला १० किलोओहमचा पुलडाउन (गेटपासून अर्थला जाणारा रेझिस्टर) हवाच. सर्किटला इग्निशनवरून १ अँपियरचा फ्यूज लावून, बक कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) वीज द्या.

अर्थिंगला सगळ्यात जास्त लक्ष द्या. रबराच्या पट्ट्यांवर बसलेली, रंगवलेली टाकी चेसिसला धड जोडलेली नसते. ७३–१० च्या सेंडरमध्ये वरची अर्धी टाकी फक्त १३ ओहममध्ये मावते, तिथे गंजलेल्या जोडाचे २ ओहमसुद्धा काट्यावर दिसतात. सेंडरच्या फ्लँजपासून रंग खरवडलेल्या चेसिसपर्यंत १.५ चौरस मिमीची स्वतंत्र वायर टाका, आणि सर्किटचा अर्थही त्याच बोल्टवर घ्या.

दुसरा अर्थ गेजच्या बॉडीचा. ५ व्होल्टचा रेग्युलेटर इंधनाच्या गेजमध्येच असतो आणि टेंपरेचर गेजलाही तोच पुरवठा करतो. बॉडीचा अर्थ सुटला की तो उघडझाप (वीज चालू-बंद करत सरासरी ५ व्होल्ट ठेवणं) थांबवतो, पूर्ण १२ व्होल्ट पुढे जातात आणि दोन्ही काटे एकदम वर चढतात. असं दिसलं तर सेंडरवर संशय घेण्याआधी इग्निशन बंद करा, नाहीतर गेजची तार जळेल.

गेज तपासायला ‘एस’ वायर थेट अर्थला टेकवू नका. १०, २२ आणि ७५ ओहमचे रेझिस्टर आळीपाळीने लावा आणि प्रत्येक वेळी मिनिटभर थांबा, बायमेटल सावकाश चालतं. महिंद्राच्या जुन्या सीजे ३४० किंवा ५४० वर काम करणाऱ्यांनी वरचे आकडे तसेच उचलू नयेत. जुन्या सेंडरचा फ्लोट वर-खाली करून मल्टिमीटरवर मोजा, मगच नवा खरेदी करा.

बसवताना बॅटरीची निगेटिव्ह काढलेली असावी आणि जागा मोकळ्या हवेची. गॅस्केट नायट्राइलचं, साधा सिलिकॉन सीलंट पेट्रोलमध्ये फुगतो आणि सुटतो.

राहिलेलं काम: रिकाम्या टाकीत ५-५ लिटर टाकत आकडा टिपायचा, चढ-उतारावर नव्हे, सपाट जमिनीवर. नळीतला फ्लोट सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या टप्प्यांनी बदल देतो, म्हणून मधले आकडे सरळ रेषेने भरायचे आणि अर्ध्या मिनिटाची सरासरी घ्यायची. ‘ई’ ची खूण ६ लिटर शिल्लक असताना येईल असं ठेवणार आहोत.