ट्रेड झाला होता की नव्हता? मित्रांची फँटसी बास्केटबॉल लीग चालवताना आलेला अनुभव

३० जानेवारी २०२४. गोल्डन स्टेटविरुद्धचा सामना संपायला काही मिनिटं उरली होती. चेंडूसाठी झटापट झाली, जोनाथन कुमिंगा फिलाडेल्फियाच्या जोएल एम्बीडच्या डाव्या पायावर पडला आणि एम्बीड गुडघा धरून कोर्टवरच आडवा झाला. आमच्या दहा जणांच्या लीगमधला त्या मोसमातला सर्वांत मोठा ट्रेड याच एम्बीडचा होता आणि तो त्या वेळी अधांतरी होता. दोन्ही बाजूंनी होकार दिलेला, पण खेळाडूंची अदलाबदल अजून व्हायची होती. पुढच्या पाच मिनिटांत माझ्या फोनवर एकच मेसेज आला : 'ट्रेड कॅन्सल कर.'

आमच्या लीगचा कमिशनर, म्हणजे ती चालवणारा, मी. २०१९ मध्ये सुरुवात केली तेव्हा ही जबाबदारी मी फारसा विचार न करताच घेतली. लीगचं पान कुणीतरी उघडायला लागतं, ते मी उघडलं, एवढंच. फँटसी लीगमध्ये प्रत्येक जण एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, खऱ्या खेळाडूंमधून आपला संघ निवडतो आणि त्या खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यांत जे केलं ते आपल्या संघाच्या खात्यावर जमा होतं. आकडे साइट मोजते, तक्ता साइट लावते. मग कमिशनरला काम काय, असं मलाही वाटायचं.

पहिलं काम गुणपद्धत ठरवण्याचं. सोपी पद्धत म्हणजे प्रत्येक गोष्टीला ठरावीक गुण देऊन बेरीज करायची. आम्ही नऊ कॅटेगरी घेतल्या : पॉइंट्स, रिबाउंड (हुकलेल्या फेकीचा चेंडू पकडणं), असिस्ट (बास्केट होईल असा पास), स्टील (चेंडू हिसकावणं), ब्लॉक (फेक अडवणं), थ्री (लांबून टाकलेलं तीन पॉइंट्सचं बास्केट), फील्ड गोलची टक्केवारी (चालू खेळातल्या फेकींपैकी किती पडल्या), फ्री थ्रोची टक्केवारी (फाउलनंतरच्या मोकळ्या फेकींपैकी किती पडल्या) आणि टर्नओव्हर (चेंडू गमावणं). टर्नओव्हर ज्याचे कमी, तो जिंकतो. दर आठवड्याला सोमवार ते रविवार एकाशी गाठ, आणि नऊपैकी जास्त कॅटेगरी जिंकणारा पुढे. रोटो नावाची आणखी एक पद्धत आहे, तीत सगळ्यांची तुलना सगळ्यांशी होते आणि हिशेब पूर्ण मोसमाचा असतो. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी बेसबॉलसाठी असा खेळ सुरू केला. न्यूयॉर्कच्या 'ला रोटिसरी फ्रांसेज' या रेस्टॉरंटमध्ये ते जमायचे, म्हणून ते नाव. रोटो जास्त न्यायाची आहे, हे मला मान्य आहे. पण मित्रांच्या लीगला समोरासमोरची लढत हवी. रविवारी रात्री एका स्टीलसाठी जागणारी दोन माणसं असतील तर लीग जिवंत राहते.

नऊ कॅटेगरींमधली खरी गंमत टक्केवारीत आहे, आणि नव्या माणसाला ती समजावून सांगावी लागते. आमच्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या मित्राने (आम्ही त्याला मास्तरच म्हणतो) ड्राफ्टच्या, म्हणजे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या, पहिल्या फेरीत यानिस अँटेटोकुंपो घेतला होता आणि फ्री थ्रोमध्ये आपण दर आठवड्याला का हरतो हे त्याला कळत नव्हतं. मी कागदावर मांडून दाखवलं. समज, यानिसने आठवड्यात ४३ फ्री थ्रो घेतले आणि त्यातले २८ बास्केटमध्ये टाकले. तुझ्या बाकीच्या सगळ्यांनी मिळून १०० घेतले, ८३ टाकले. एकूण १४३ पैकी १११, म्हणजे ७८ टक्क्यांहूनही कमी. बाकीचा अख्खा संघ ८३ टक्क्यांवर असताना एकटा माणूस त्याला खाली ओढतो, कारण तो इतके जास्त फ्री थ्रो घेतो. इथे सरासरीची सरासरी काढत नाहीत, एकूण टाकलेले भागिले एकूण घेतलेले असा हिशेब असतो. मास्तर दोन मिनिटं कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग फ्री थ्रो सोडूनच देतो, बाकीच्या आठांकडे बघतो." यालाच पंट करणं म्हणतात, आणि तो ते स्वतःहून शोधून काढत होता. लीग चालवण्यातला माझा सर्वांत आवडता क्षण अजूनही तोच आहे.

पहिला मोसम मात्र आमच्या हातून निसटला. ११ मार्च २०२० ला एनबीएने मोसम थांबवला तेव्हा आमचे प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या बाद फेऱ्या, तोंडावर आले होते. मोसम अर्ध्यात थांबला तर विजेता कोण, असा नियम आमच्याकडे नव्हता आणि तो लागेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. तक्त्यात वर असलेल्याला विजेता मानावं, असं त्याचं स्वतःचं म्हणणं. बाकीच्यांचं म्हणणं, प्लेऑफच झाले नाहीत तर विजेता कसला? शेवटी त्या वर्षी कुणालाच विजेता ठरवलं नाही आणि मी नियमांची एक फाइल उघडली. त्यातला पहिला नियम : प्लेऑफ पूर्ण न झाल्यास त्या मोसमाचा विजेता नाही. दुसरा नियम सगळ्यांनी एकमताने केला : पैसे लावायचे नाहीत.

पुढे फाइल वाढत गेली. आठवड्याला चारच नवे खेळाडू घेता येतील हा नियम आमच्या सीए मैत्रिणीमुळे आला. एनबीएचा संघ आठवड्यात कधी चार सामने खेळतो, कधी दोनच. २५ पॉइंट्सच्या सरासरीचा खेळाडू दोन सामन्यांत ५० करतो आणि १५ च्या सरासरीचा चार सामन्यांत ६०. हे तिने आमच्या सगळ्यांच्या आधी ओळखलं. रोज एक खेळाडू सोडायचा आणि त्या रात्री ज्याचा सामना असेल तो घ्यायचा. तिने नियमाबाहेरचं काहीच केलं नव्हतं, म्हणून चालू मोसमात मी हात लावला नाही. मर्यादा घातली ती पुढच्या वर्षी, ड्राफ्टच्या आधी. मोसम चालू असताना नियम बदलायचा नाही, ही गोष्ट मी आजही पाळतो. समोरचा आपल्यावर विश्वास ठेवतो तो याच्याच जोरावर.

एक चूक मात्र सरळसरळ माझी होती. २०२३ मध्ये एनबीएने मोसमाच्या मध्येच एक स्पर्धा सुरू केली. तिचे बाकी सगळे सामने नियमित मोसमात धरले जातात, फक्त अंतिम सामना धरत नाहीत. ९ डिसेंबरच्या त्या अंतिम सामन्यात अँथनी डेव्हिसने ४१ पॉइंट्स आणि २० रिबाउंड काढले. आमच्यातल्या ज्या मित्राकडे डेव्हिस होता तो रात्रभर खुशीत होता आणि सकाळी तक्त्यात शून्य बघून त्याने मला फोन केला. मला हे आधीपासून माहीत होतं. ग्रुपवर एक ओळ टाकायला हवी होती, टाकली नाही, कारण सगळ्यांना माहीत असेल असं गृहीत धरलं. तेव्हापासून दर सोमवारी मी आठवड्याची माहिती टाकतो : कोणत्या संघाचे किती सामने, ऑल-स्टार सामन्यासाठीची सुट्टी कधी, ट्रेडची शेवटची तारीख कधी. लिहायला दहा मिनिटं लागतात.

आणि त्यानंतर दीड-पावणेदोन महिन्यांत एम्बीड.

आमच्यातल्या वकील मित्राकडे एम्बीड होता. २२ जानेवारीला एम्बीडने सॅन अँटोनियोविरुद्ध ७० पॉइंट्स केले, आणि मास्तरला राहवेना. त्याने डोमँटस सबोनिस आणि डेरिक व्हाइट असे दोघे देऊ केले. वकिलाने आठवडाभर ताणून धरलं. मधल्या काळात एम्बीड डेन्व्हरविरुद्ध ऐन वेळी बाहेर बसला, पुढच्या सामन्यातही खेळला नाही. मास्तरचा अंदाज असा, की त्या मोसमापासून मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळायची अट आली आहे, तेव्हा हा माणूस दुखत असलं तरी खेळणार. २९ तारखेला दोघांनी होकार दिला. आमच्याकडे ट्रेड दोन दिवस तपासणीत राहतो. तेवढ्यात कुणाला काही गडबड वाटली तर आक्षेप घ्यायचा, नाहीतर साइट आपोआप अदलाबदल करते. ३० तारखेला एम्बीड खेळला आणि पडला.

मास्तरचा मेसेज वाचून मी अर्ध्या तासात ट्रेड रद्द केला. वाटलं, जखमी माणूस कुणाच्या गळ्यात कसा मारायचा? त्यानंतर वकिलाचा फोन आला. तो चिडला नव्हता, उलट फार शांत बोलत होता.

"कुठल्या नियमाने रद्द केलास?"

"अरे, अदलाबदल झालीच नव्हती."

"होकार झाला होता ना? तपासणी कशासाठी असते, तेवढं वाचून दाखव."

मी फाइल उघडली आणि त्याला वाचून दाखवलं : 'दोन जणांनी संगनमताने तिसऱ्याचं नुकसान केल्याचा संशय असेल तर.' दुखापतीबद्दल एक अक्षर नव्हतं. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की त्या आठवड्यात माझी गाठ वकिलाशीच आहे. ट्रेड झाला तर त्याच्याकडे सबोनिस येतो, जो एकही सामना चुकवत नव्हता. झाला नाही तर त्याच्याकडे दुखावलेला एम्बीड राहतो आणि फायदा माझा होतो. मी हा विचार करून रद्द केलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण दुसऱ्या कुणी हेच केलं असतं तर माझ्या मनात काय आलं असतं, हेही मला माहीत आहे. मी त्याला म्हटलं, "हा निर्णय मी देणार नाही."

ज्यांचा यात काही संबंध नव्हता अशा दोघांना विचारलं : सीए मैत्रीण आणि डेव्हिसवाला मित्र. तिने मास्तरला एकच प्रश्न केला : "त्याने त्या रात्री परत ७० मारले असते आणि वकिलाने रद्द कर म्हटलं असतं, तर तू मान्य केलं असतंस?" मास्तर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नसतं केलं." दोघांनी ट्रेड कायम ठेवला. कमिशनरला हाताने खेळाडू हलवता येतात. मी एम्बीड मास्तरकडे टाकला, सबोनिस आणि व्हाइट वकिलाकडे, आणि ग्रुपवर लिहिलं : मी घाईत रद्द केलं, अधिकार नसताना केलं, या आठवड्यात माझा त्यात हितसंबंध होता, माझं चुकलं. ते चार वाक्यांचं लिहिणं मला अवघड गेलं.

मास्तर पुढे दोन आठवडे ग्रुपवर एक शब्द बोलला नाही. पण मी रोज बघायचो, त्याचा संघ वेळेवर लावलेला असायचा. एम्बीड जखमींच्या जागेवर, आणि बाकीचे तेरा नीट बसवलेले. लीगमध्ये मला सर्वांत जास्त भीती वाटते ती भांडणाची नाही. फेब्रुवारीत तळाचा माणूस संघ लावायचं सोडून देतो, त्याच्याशी गाठ पडणाऱ्याला फुकट विजय मिळतो आणि वरच्यांची चुरस खोटी होते, त्याची वाटते. याच्यावर आम्ही एक उपाय केला आहे. प्लेऑफमध्ये न पोचलेल्या सहा जणांची वेगळी स्पर्धा होते आणि तिच्या विजेत्याला पुढच्या वर्षी ड्राफ्टचा क्रमांक आधी निवडता येतो. आमचा ड्राफ्ट सापासारखा वळतो : पहिल्याला १ आणि २० वा खेळाडू मिळतो, दहाव्याला १० आणि ११ वा. त्यामुळे क्रमांक निवडणं हेसुद्धा बक्षीस होतं. मास्तर त्या स्पर्धेसाठी झटत होता.

फाइलमध्ये नवा नियम गेला : दोघांच्या होकाराच्या क्षणी ट्रेड पक्का, त्यानंतरची दुखापत घेणाऱ्याची. आणि त्याखाली दुसरा : कमिशनरचा त्या आठवड्यात कसलाही संबंध असेल तर निर्णय दुसरे दोघे देतील. हे मोसमाच्या मध्ये लिहिलं, पण लागू पुढच्या मोसमापासून.

आमची अंतिम फेरी २५ ते ३१ मार्चच्या आठवड्यात होती. एनबीएचा नियमित मोसम १४ एप्रिलपर्यंत चालणार होता, तरी आम्ही मुद्दाम दोन आठवडे आधी संपवतो. शेवटी शेवटी ज्यांची जागा पक्की असते ते संघ मोठ्या खेळाडूंना बसवतात आणि वर्षभराची मेहनत कुणीतरी न खेळल्यामुळे वाया जाते. अंतिम फेरीत वकील आणि सीए होते. रविवारी संध्याकाळपर्यंत चार-चार कॅटेगरी, आणि असिस्टमध्ये तीनचा फरक. वकील ५-४ ने जिंकला. सबोनिस त्या मोसमात ८२ पैकी ८२ सामने खेळला, आणि त्यात सलग ६१ डबल-डबल (एकाच सामन्यात दोन कॅटेगरींत दहा किंवा जास्त) केले. मास्तर खालच्या स्पर्धेत दुसरा आला.

२ एप्रिलला, आमची लीग संपल्यावर दोनच दिवसांनी, एम्बीड परत आला. ओक्लाहोमा सिटीविरुद्ध २४ पॉइंट्स. ग्रुपवर मास्तरने त्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं : 'आला एकदाचा.' वकिलाचं उत्तर लगेच आलं : 'पुढच्या वर्षी परत मागू नकोस, मी देणार नाही.' मग दोघं रात्री उशिरापर्यंत पुढच्या ड्राफ्टबद्दल बोलत बसले, आणि मी फाइलवर नव्या मोसमाचं वर्ष घातलं.