टोपीवाल्यांचा गुडघा आणि मिशीवाल्यांचं लेह

नाशिकच्या गंगापूर रोडला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. ट्रेकचा सीझन जवळ आला की "मॅडम, गुडघा एकदा बघून द्या" म्हणणारे वाढतात. पण पैज लावून आलेले हे दोघंच. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले जुने दोस्त, एकाच्या डोक्यावर टोपी, दुसऱ्याच्या ओठांवर भरघोस मिशा. हातात आखलेला कागद आणि त्यावर नेपाळमधल्या दोन ट्रेकचे दोन रकाने: एव्हरेस्ट बेस कॅम्प आणि अन्नपूर्णा सर्किट.

"अवघड कुठलं, तेवढं सांगा," मिशीवाले काका म्हणाले. "हा म्हणतो अन्नपूर्णा सोपी. मी म्हणतो बेस कॅम्प. हरणाऱ्यानं विमानाचं तिकीट काढायचं."

मी कागद पाहिला. विमान उतरतं त्या लुक्ल्याहून बेस कॅम्पला जाऊन-येऊन साधारण १३० किलोमीटर. अन्नपूर्णा कुठून सुरू करता यावर १६० ते २३०. बेस कॅम्पची उंची ५३६४ मीटर, अन्नपूर्णेच्या वाटेवरची थोरोंग-ला खिंड ५४१६. म्हणजे ५२ मीटरवरून मैत्री पणाला! त्यात बेस कॅम्पला गेलेले बहुतेक जण शेजारचा काला पत्थर डोंगरही चढतात, आणि तो साडेपाच हजारांच्या वर आहे, हे कागदावर नव्हतंच. टूरवाल्यांनी दोन्हींपुढे 'मध्यम ते कठीण' असा एकच शिक्का मारला होता. हा शिक्का मी पुष्कळ ट्रेकच्या पत्रकांवर पाहिलाय. त्यातून कुणाला काय कळतं, देव जाणे.

मी म्हटलं, "कागद राहू द्या. आधी या स्टुलावर उभे राहा."

आठ इंची लाकडी स्टूल आहे. एका पायावर उभं राहायचं, गुडघा सावकाश वाकवत दुसऱ्या पायाची टाच फरशीला नुसती टेकवायची आणि परत वर यायचं. मिशीवाल्यांनी दहा वेळा सहज केलं, वर माझ्याकडे बघून हसले. कळसूबाईला नेमानं जाणारा माणूस. टोपीवाले चढले. डावा पाय ठीक. उजव्यावर तोल घेऊन खाली जाताना अर्ध्यात गुडघा आत वळला, कंबर एका बाजूला झुकली, हात भिंतीकडे गेला आणि टाच टेकण्याऐवजी फरशीवर आपटली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मीच थांबवलं.

"चढताना काही होत नाही हो," ते म्हणाले. "पांडवलेणी रोज चढतो."

"आणि उतरताना?"

"उतरताना कठडा धरतो."

उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलत असतो, आणि हे काम चढण्यापेक्षा वेगळं आहे. जिना उतरताना गुडघ्यावर वजनाच्या तीन-साडेतीन पट भार येतो. थोरोंग-लाच्या दिवशी खिंडीच्या पायथ्याच्या मुक्कामावरून, फेदीच्या ४४५० मीटरवरून पहाटे निघायचं, खिंड गाठायची आणि त्याच दिवशी मुक्तिनाथला ३८०० पर्यंत उतरायचं. जवळपास हजार मीटर चढ आणि लगेच सोळाशे मीटर उतार. कळसूबाईच्या माथ्यावरून थेट समुद्रावर पोचावं, एवढा. बेस कॅम्पच्या वाटेवर इतका उतार एका दिवसात कुठेच नाही.

मिशीवाले खूश झाले. "बघ! बेस कॅम्पच सोपा."

मी त्यांना सवयीनं विचारलं, "याआधी उंचावर कधी गेला होतात?"

"लेहला. मस्त झालं."

"काय मस्त?" टोपीवाले उसळले. "विमानानं उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी खारदुंग-ला खिंडीला निघालास. रात्रभर उलट्या, डोकं धरून बसलेला. वहिनींना विचार."

"जेवण बाधलं होतं."

जेवण बहुतेक सगळ्यांनाच बाधतं, आणि नेमकं साडेतीन हजार मीटरच्या वर. ज्याला एकदा विरळ हवेचा त्रास झाला, त्याला पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. तिथे मांडीची ताकद कामाची नाही. उलट दणकट माणूस भराभर चढतो आणि आधी आजारी पडतो. दिवसा किती उंच गेलात यापेक्षा झोपलात कुठे हे महत्त्वाचं. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांती घ्यावी, असा दंडक आहे. बेस कॅम्पच्या वाटेवर दिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९४०, गोरकशेप ५१६४ असे मुक्काम चढत जातात. अन्नपूर्णेवर खिंडीआधीचा मुक्काम फेदीला करता येतो. खिंड ओलांडली की त्याच रात्री खाली.

दोघांनीही आपल्याला जास्त जड जाणारा मार्गच सोपा म्हणून निवडला होता. पैज कुणी जिंकली, हे मला सांगता येईना आणि दोघांना सोडवेना.

"पण जायचंय एकत्र," टोपीवाले म्हणाले.

मग मात्र मी स्पष्ट कौल दिला: अन्नपूर्णा. कारण मांडी इथे तयार करता येते, विरळ हवेची सवय नाशिकात कुठून आणणार? आपलं गाव सहाशे मीटरवर, कळसूबाई १६४६, संपलं. अट दोन. एक म्हणजे सर्किट जिथून सुरू होतं त्या बेसीसहरहून जीपनं थेट वरचं मनांग गाव गाठायचं नाही. आता रस्ता तिथवर पोचलाय, पण सातशे-आठशे मीटरवरून एकदम ३५४० म्हणजे पुन्हा लेहचाच पाढा. विरळ हवेच्या त्रासावरची गोळी हवी असेल तर फिजिशियनला विचारून. दुसरी अट, फेदीला हातात मोकळे दिवस हवेत. बेस कॅम्पला कुठूनही मागे फिरता येतं आणि वाट ओळखीची असते. सर्किटला मधोमध एकच दार आहे, ती खिंड, आणि हवा बिघडली तर ते बंद. ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद चक्रीवादळाचा शेष थोरोंग-लावर बर्फ होऊन कोसळला, त्या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. परतीचं तिकीट आधीच काढलेला माणूस अशा वेळी थांबत नाही.

टोपीवाल्यांना व्यायाम दिले, दोन काठ्या घ्यायला लावल्या आणि आठवड्यातून एकदा सप्तशृंगी गड. वर ट्रॉलीनं जायचं, खाली पाचशेच्या वर पायऱ्या चालत, सावकाश, कठड्याला हात न लावता.

"सगळे उलट करतात मॅडम. चढतात पायी आणि येतात ट्रॉलीनं."

"म्हणूनच ते माझ्याकडे येतात."

अडीच-तीन महिन्यांनी स्टुलावर पुन्हा उभे केले. उजवी टाच टेकली, आवाज न होता. गुडघा थोडा आत जात होता, पण सावरत होता. मिशीवाले तेव्हा नव्या कागदावर मुक्काम लिहीत होते, पुढे प्रत्येकाची उंची. मनांगला दोन रात्री, फेदीपुढे दोन दिवस रिकामे.

"विमानाचं तिकीट कोण काढतंय?" मी विचारलं.

"ते भांडण अजून चालू आहे," दोघं एकदमच म्हणाले.