सीएचबीचं बिल पास करून घेताना

मी मराठवाड्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर (जेवढ्या तासिका, तेवढेच पैसे) शिकवतो. दर किती मिळतो, हे सगळे विचारतात. त्यातल्या किती तासिका बिलात टिकल्या, हे फारसं कोणी विचारत नाही, आणि पैसे नेमके तिथेच गळतात.

आधी हिशोब. एका पूर्णवेळ पदाचा कार्यभार दोघांत वाटतात, म्हणून एकाच्या वाट्याला आठवड्याला साधारण नऊ तासिका येतात. अध्यापनाचे किमान १८० दिवस, म्हणजे ३० आठवडे धरले तर वर्षाच्या २७० तासिका. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयातला पदवी वर्गाचा दर ५०० रुपये होता. त्या दराने वर्षाचे १,३५,००० झाले. बारा महिन्यांवर पसरले तर महिना ११,२५०. पुढे दर वाढले, पण दिवाळी, परीक्षा आणि उन्हाळा आजही कोरडाच जातो. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जानेवारी २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासिकेला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० ही मर्यादा ठरवली. महिन्याची मर्यादा बाजूला ठेवली तर त्या दराने याच २७० तासिकांचे ४,०५,००० होतात. महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली आणि प्रवेशाच्या दिवसांतलं गावोगाव फिरणं तर कुठल्याच हिशोबात बसत नाही.

‘सुरू करा सर, आदेश येईल’ या वाक्यावर वर्गावर जाऊ नये. नेमणुकीच्या आदेशाच्या तारखेआधी घेतलेल्या तासिका बिलातून हमखास उडतात. आदेशात विषय, स्तर, आठवड्याच्या तासिका आणि कालावधी लिहिलेला हवा. विद्यापीठाची मान्यता आली की तिची प्रत लगेच घ्यावी. कार्यालयातल्या फायलीवर विसंबू नये.

मी महाविद्यालयाच्या हजेरीखेरीज स्वतःची वही ठेवतो. तारीख, वर्ग, पेपर क्रमांक, तासिकेची वेळ, शिकवलेला घटक, हजर विद्यार्थी, सही. दर शनिवारी विभागप्रमुखांची सही घेतो, कारण महिनाअखेरीस एकदम घेतलेल्या सह्या एकाच शाईच्या दिसतात आणि तपासणाऱ्याला लगेच शंका येते. ही वही वेळापत्रकाशी आणि सुट्ट्यांच्या यादीशी जुळली पाहिजे. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, आपण झेंडावंदनाला हजर असतो, पण त्या दिवशी तासिका दाखवली की त्रुटी निघालीच. जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या स्थानिक सुट्ट्यांचंही तसंच. लातूर-धाराशिवकडे येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, तर अख्खं गाव शेतात असतं. त्या दिवशीच्या भरगच्च हजेरीवर कोण विश्वास ठेवणार?

सगळ्यात जास्त भांडण मिनिटांवरून होतं. माझं एक बिल याच मुद्द्यावर परत आलं होतं. दर ६० मिनिटांच्या घड्याळी तासाचा आणि वेळापत्रक ४८ मिनिटांच्या तासिकांचं असेल, तर १० तासिकांचे ८ तास होतात. म्हणून दर तासाचा की तासिकेचा, हे चालू शासन निर्णयातून वाचून घ्यावं आणि रूपांतर बिलावरच मांडून दाखवावं. प्रात्यक्षिकाचा दर वेगळा आणि कमी असतो. ते व्याख्यानाच्या रकान्यात मिसळू नये. दोन महाविद्यालयांत शिकवत असाल तर दोन्हीकडच्या तासिकांची बेरीज मर्यादेत आहे का, हेही आधीच पाहावं.

बिल महाविद्यालयातून उच्च शिक्षण सहसंचालकांकडे जातं. बीड, जालना, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांचं छत्रपती संभाजीनगरला. लातूर, परभणी, हिंगोलीचं नांदेडला. पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक आणि तिथला आवक क्रमांक, हे दोन्ही आपल्याकडे हवेत. त्याशिवाय ‘बिल आलंच नाही’ या उत्तरावर काही बोलता येत नाही. आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोड, नव्या पासबुकातूनच उतरवावा. स्टेट बँक ऑफ हैदराबाद २०१७ मध्ये विलीन झाली, तरी जुन्या फॉर्मवरचा तिचा कोड अजून कुठेकुठे पुढे चालत राहतो.

बिल अडकलं की मी माहिती अधिकार वापरतो. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘बिल का दिलं नाही’ असं विचारू नये. ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात. ‘अमुक आवक क्रमांकाच्या बिलावरील टिपणीची प्रत आणि आजची स्थिती द्यावी’ असं लिहावं. मुदत ३० दिवसांची. पुष्कळदा त्रुटीचं पत्र महाविद्यालयाकडे पोहोचलेलं असतं आणि तिथेच कुणाच्या तरी टेबलावर पडलेलं असतं. वाद महाविद्यालयाशी असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खाली विद्यापीठाची तक्रार निवारण समिती आहे. कामगार न्यायालयाचा रस्ता मात्र धरू नये: शिक्षक तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतला ‘कामगार’ नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच म्हटलं आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना वेतनश्रेणीचं किमान वेतन द्यायला सांगितलं, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटायचेच बाकी राहिले होते. पण ते लोक नियमित प्राध्यापकांइतकंच पूर्ण काम करत होते. नऊ तासिकांच्या आदेशावर तो निकाल जसाच्या तसा लागू होईल, असं मला वाटत नाही. म्हणून तर परीक्षा आणि समित्यांच्या कामाचे लेखी आदेश मागून घ्यायचे, तोंडी काम अंगावर घ्यायचं नाही.

अनुभवाचं प्रमाणपत्र दर सत्राअखेरीस घ्यावं, आणि त्यात तासिका व मिळालेलं मानधन लिहून घ्यावं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत हंगामी सेवा पदोन्नतीसाठी धरायची तर एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नको, अशी अट आहे. सीएचबीची वर्षं तिथे बहुधा गळतातच. मुलाखतीआधीच्या गुणांकनात मात्र अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला दोन गुण आहेत, कमाल दहा, आणि ते कागदाशिवाय मिळत नाहीत.